पुसून टाकलेली उडी

हे वाक्य मी मनातल्या मनातसुद्धा कधी पूर्ण म्हटलेलं नाही. अर्ध्यावर आलं की मी उठते — चहा ठेवते, खिडकी उघडते, कुणाला तरी मेसेज करते. आईला सांगितलं नाही. ज्या दोन मैत्रिणींना माझं जवळजवळ सगळं माहीत आहे, त्यांनाही नाही. आज तुम्हाला सांगणार आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून ते थोडं सोपं आहे. थोडंसंच.

बर्फापासून सुरुवात करते. मला माहीत आहे, मी वेळ काढतेय.

नेदरलँड्समध्ये डोंगर नाहीत. सायकल चालवताना पूल हाच काय तो चढ. तरी इथल्या लोकांना स्कीइंगचं वेड आहे, म्हणून त्यांनी डोंगराला छप्पर घातलं — म्हणजे आधी छप्पर आणि मग त्याखाली डोंगर. सपाट शेतांच्या मधोमध एक लांबलचक, तिरकी, पत्र्याची शेड. बाहेर मेंढ्या चरतात. वरून विमानं खाली उतरत असतात. जुलैच्या उन्हात घाम पुसत तुम्ही दार ढकलता, मग दुसरं दार, आणि आत बर्फ असतो. खराखुरा. पायाखाली कुरकुरणारा.

त्या दोन दारांच्या मधल्या जागेत मी नेहमी जरा थांबायचे. एका बाजूला उन्हाळा, दुसऱ्या बाजूला हिवाळा, आणि मधे मी, जॅकेटची चेन लावत. आत गेलं की आवाज बदलायचे. पंख्यांची एक सततची घरघर, आणि तिच्याखाली सगळं मऊ — मुलांच्या हाका, स्कीची खरखर, सगळं जणू उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं. छताखाली धूसर धुकं. आत वेळ कळत नसे. सकाळ काय आणि दुपार काय, उजेड तोच. हेल्मेट घातलेली मुलं वरून खाली येत, वर ओढून नेणाऱ्या दोरीला लटकून पुन्हा वर जात, पुन्हा खाली येत. मला वाटायचं, ही स्वप्नातली मुलं आहेत, आणि मी डोळे मिटले तर थांबतील.

चार वर्षांपूर्वी मी त्या शेडमध्ये दर रविवारी बसत होते. चोवीस वर्षांची होते. माणसाच्या शरीराच्या हालचालींचा अभ्यास हा माझा मास्टर्सचा विषय, आणि प्रबंधाचा प्रश्न असा: शर्यतीचं स्कीइंग करून आलेली मुलं फ्रीस्टाइलमध्ये जास्त चांगली होतात का?

शर्यत म्हणजे काय, तर उतारावर काठ्या रोवलेल्या असतात, त्यांना वळसे घालत खाली यायचं, आणि खाली घड्याळ असतं. फ्रीस्टाइलमध्ये उंचवट्यावरून हवेत उडायचं, गिरकी घ्यायची, लोखंडी पाइपावरून घसरायचं — आणि खाली माणसं बसलेली असतात, गुण द्यायला. अनेक प्रशिक्षक ठामपणे सांगत की आधी काठ्या, मग उड्या. काही जण तितक्याच ठामपणे उलटं सांगत. माझी मार्गदर्शक मार्लूस पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "'अवलंबून आहे' असं उत्तर आलं तर घाबरू नकोस. तेही उत्तरच असतं."

काम मला फार आवडायचं. का, ते सांगू? तिथे मला बघायचं होतं, आणि मला कुणी बघत नव्हतं. मी मुळात लाजाळू. वर्गात हात वर न करणारी. तिथे मी एका उलट्या क्रेटवर बसायचे, दोन कॅमेरे तिकाटण्यांवर लावलेले, खिशात हात शेकायला गरम होणाऱ्या पुड्या, आणि समोर फक्त शरीरं. काही आठवड्यांनी मला हेल्मेटखालचा चेहरा न बघता कळू लागलं की हे मूल कुठून आलंय. शर्यतीतल्या मुलांचे हात नेहमी पुढे, ट्रे धरल्यासारखे. त्यांचे पाय भक्कम, उतरणं सुरेख. पण नजर सतत पुढची काठी शोधणारी — हवेतसुद्धा. हवेत काठ्या नसतात, तरी ती मुलं हवेतून घाईघाईनं परत येत. जिम्नॅस्टिक्समधून आलेली मुलं नेमकी उलट: बर्फावर गबाळी, हवेत घरी असल्यासारखी.

हे सगळं मी वहीत लिहीत असे. यात खोटं काही नव्हतं. इथवर मी चांगली मुलगी आहे.

मेधाकाकू मला तिथेच भेटल्या, कॉफीच्या मशीनपाशी. मी फोनवर आईला सांगत होते की हो, जेवले, आणि नाही, बर्फात बसून काही होत नाही. फोन ठेवला तर शेजारी एक बाई हसत उभ्या.

"मराठी का ग तू? मी मघापासून ऐकतेय. आईला खोटं सांगतेस ना जेवल्याचं?"

मी गडबडून "नाही, काकू" म्हटलं.

"काकू!" त्यांनी कप हातात घेत डोळे मिटले. "म्हण, म्हण. इथे मला कुणी काकू म्हणत नाही. पाळणाघरातली पोरंसुद्धा नावानं हाक मारतात."

त्या जवळच्याच नीउ-व्हेनेप गावात राहायच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या, काही वर्षं घरात काढलेल्या, आता एका पाळणाघरात काम करणाऱ्या. त्यांची रेवा तेव्हा तेरा वर्षांची होती. वर्गातल्या कुणीतरी आपल्या आठव्या वाढदिवसाला सगळ्यांना या शेडमध्ये नेलं होतं, आणि तेव्हापासून ती बर्फातून बाहेर आलीच नाही. क्लबनं तिला शर्यतीच्या गटात घातलं. तिचे बाबा, नितीनकाका, दर रविवारी खालच्या काचेमागे उभे राहून तिची वेळ स्वतःच्या फोनवर वेगळी मोजायचे.

ती मला ताई म्हणू लागली. आईनं सांगितलं म्हणून आधी, नंतर आपणहून. "ताई" हा एकच शब्द मराठी, बाकीचं सगळं इंग्रजीत, आणि चिडली की डचमध्ये. तिला मराठी सगळं कळायचं. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. आम्हा दोघींना त्यात काही विचित्र वाटत नसे. ब्रेकमध्ये ती माझ्या क्रेटशेजारी बर्फात बसकण मारायची आणि माझ्या वहीत डोकावायची. आजवर मला इतक्या सहज कुणी येऊन चिकटलं नव्हतं. मी तिच्यासाठी बिस्किटं ठेवू लागले.

तिला शर्यत नकोशी झाली होती. हे तिनं घरी सांगितलं होतं, दोनदा. तिला पलीकडच्या कोपऱ्यात जायचं होतं, जिथे उंचवटा होता.

आणि मग तो रविवार. फ्रीस्टाइलच्या गटाचा सराव संपत आला होता. माझे कॅमेरे चालूच होते. शर्यतीचा गट कधीच बाहेर पडला होता, पण रेवा मागे रेंगाळली होती. शेवटचा मुलगा उडून गेल्यावर तिनं वरून माझ्याकडे हात केला. मला वाटलं, खाली येतेय. ती उंचवट्याकडे वळली.

ते कसं सांगू? ती आली शर्यतीतल्या मुलीसारखी — सरळ, वेगात, हात पुढे. आणि कडेवरून सुटली तशी तिची घाई संपली. तेवढंच. हात अलगद उघडले, डोकं आधी वळलं, मग खांदे, मग बाकीची ती, एक पूर्ण गिरकी, इतकी सावकाश की मला पंख्यांची घरघर थांबल्यासारखी वाटली. तिथे तिला कुठेच पोचायचं नव्हतं. मग ती खाली टेकली, जराशी मागे झुकली, सावरली, आणि हेल्मेटमधून तिचं हसू ऐकू आलं. दिसलं नाही, ऐकू आलं.

मी कित्येक महिने मुलं बघत होते. तशी उडी मी त्या शेडमध्ये पाहिली नव्हती. पाय शर्यतीचे, आणि हवेत आल्यावर शर्यत विसरलेली.

ती धापा टाकत माझ्याकडे आली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्ही ती क्लिप बघितली, डोक्याला डोकं लावून. दुसऱ्यांदा बघितल्यावर ती म्हणाली — इंग्रजीत — की ताई, हे बाबाला दाखव. मी सांगून तो ऐकत नाही. त्याला दिसलं की तो मानतो. तू दाखव, तुझं तो ऐकेल.

मी म्हटलं, "दाखवते." मी वचन दिलं. तिनं मागितलंही नव्हतं, तरी मी "नक्की" असा शब्द वापरला.

इथवर लिहून मी पुन्हा थांबले होते. बाहेर जाऊन आले. इतकी वर्षं मी स्वतःला काय काय सांगत आले, तेही सांगते. एक: मी विद्यार्थिनी होते, एका कुटुंबाच्या निर्णयात पडणं माझं काम नव्हतं. दोन: काका मोठे, त्यांच्या घरात त्यांच्या मनाविरुद्ध कसं बोलायचं? तीन: अभ्यास पूर्ण झाला नव्हता, निष्कर्ष आधी सांगू नये. तिन्ही कारणं चांगली आहेत. एखाद्या परीक्षकासमोर टिकतील. पण मी निष्कर्ष सांगितला नाही, असं झालं नाही ना. मी सांगितला. खोटा सांगितला.

अभ्यासासाठी शर्यतीच्या गटातली मुलंही हवी होती, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांच्या आई-बाबांची लेखी संमती लागायची. मी फॉर्म पाठवणार होते, पण काकू म्हणाल्या, "पाठवतेस काय, घरी ये. सही घे आणि जेवून जा." म्हणून त्या शनिवारी मी नीउ-व्हेनेपला गेले. बसस्टॉपपासून एकसारख्या घरांची रांग, प्रत्येकाच्या दारात एकसारखं कोवळं झाड. पाठीवर लॅपटॉप. त्याच्या पडद्यावर, मधोमध, ती क्लिप ठेवलेली होती — शोधत बसायला नको म्हणून.

काकूंनी कोथिंबीर वड्या केल्या होत्या. काकांनी सही केली, प्रत्येक पान वाचून. मग मला फ्रिजपाशी नेलं. फ्रिजच्या दारावर रेवाच्या वेळा चिकटवलेल्या होत्या, तीन वर्षांच्या, त्यांनीच छापलेल्या.

"हे बघ. खाली खाली येतेय ना? आणि आता हिला उड्या मारायच्यात." त्यांनी आवाज खाली आणला, जरी रेवा चार पावलांवर टेबलाशी बसली होती. "तिथे गुण कोण देणार? पंच. त्यांच्या मनावर. इथे कसं आहे, घड्याळाला आडनाव कळत नाही."

ते खोटं नव्हतं. त्या माणसानं हे वाक्य कुठल्या कुठल्या ऑफिसांत कमावलं असेल, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. म्हणूनच तर त्यांना काहीतरी दाखवायला हवं होतं. घड्याळाइतकं उघड काहीतरी. ते माझ्या पाठीवर होतं.

आम्ही टेबलाशी बसलो. काका म्हणाले, "तू सांग. तू यातच शिकतेयस. आधी पाया की आधी उड्या?"

रेवा माझ्याकडे बघत होती. हातात वडी, अर्धी खाल्लेली. ती बघत होती तसं कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं — म्हणजे, उत्तर आधीच माहीत असल्यासारखं, आनंदानं.

मी म्हटलं, "शर्यतीचा पाया असला की पुढे फायदाच होतो, काका. अजून दोन वर्षं तरी सोडू नये."

"बघ!" काकांनी गुडघ्यावर थाप मारली. "मी काय सांगत होतो?"

इथेही मी परत येऊ शकले असते. काकूंनी दार उघडून दिलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं पण तिला उड्या फार आवडतात म्हणते. तू बघितलंयस ना तिला? जमतंय का तिला?"

आणि मी म्हटलं, "आवडणं वेगळं, काकू. जमणं वेगळं."

हे ते वाक्य.

मी ते शांतपणे म्हटलं. चांगल्या, स्वच्छ मराठीत. जराशी हसले सुद्धा, मोठ्या माणसांसारखी. काकूंनी "हं" केलं आणि माझ्या पानात आणखी दोन वड्या वाढल्या. बॅग खुर्चीला टेकलेली होती, माझ्या पोटरीला लागत होती. मी ती उघडली नाही.

रेवा रडली असती, चिडली असती, डचमध्ये काही तरी ओरडली असती — तर? मला वाटतं, मी मोडले असते. पण ती चिडली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, मग वडीकडे बघितलं, आणि हळूच मान हलवली. तिला पटलं होतं. ताईनं इतक्या मुलांना बघितलंय, ताईला माहीत असणार. मी तिला फसवलं असं तिला वाटलंच नाही. तिला वाटलं, तीच स्वतःला फसवत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिनं विचारलं, त्या क्लिपचं काय केलं? बघायला मिळेल का एकदा? मी सांगितलं की ती संमतीच्या आधी काढलेली होती, त्यामुळे नियमानं पुसावी लागली. हे अक्षरशः खरं आहे. नियम तसाच होता. मी क्लिप आदल्या रात्री पुसली होती. नियम माझ्या लक्षात त्या टेबलावरून उठल्यावर आला, एवढंच. आणि पुसण्याआधी कुणाला तरी विचारता आलं असतं, मार्लूसला, किंवा थेट काकांना — आत्ताच सही केलीत, ही एक जास्तीची आहे, चालेल का? ते आनंदानं हो म्हणाले असते. मुलीचा व्हिडिओ बघायला कुठला बाप नाही म्हणेल?

का केलं?

मी नाशिकला, शाळेच्या मैदानाशेजारच्या व्यायामशाळेत, दोरीचा मल्लखांब करायचे. दुसरीपासून. आमचे सर म्हणायचे, आधी पकड. पकड पक्की झाली की मग सुटायचं. मी पकडत राहिले. पायाच्या बोटांत दोरी, मांडीवर दोरी, वळ उठेपर्यंत. माझ्या पुढच्या मुली वर जाऊन एकदम सुटायच्या, गिरक्या घेत खाली यायच्या आणि जमिनीच्या जरा वर दोरी पुन्हा धरायच्या. मला ते यायला लागलं होतं. मला माहीत होतं की येतंय — शरीराला कळतं ते. मी तेरा वर्षांची होते. सर म्हणाले, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी नववी आली, क्लास आले, मल्लखांब सुटला. मी हट्ट केला नाही. समजूतदार म्हणून माझं कौतुक झालं, घरी आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा.

हे मी कारण म्हणून सांगत नाहीये. कृपा करून तसं वाचू नका. माझ्याबरोबर कुणी वाईट वागलं नव्हतं; सर चांगले होते, आई-बाबा चांगले होते. मी फक्त ती क्लिप माझ्या खोलीत बसून पुन्हा पुन्हा बघत होते. पहिल्या काही वेळा मला आनंद झाला, खरंच झाला. मग कधीतरी, कितव्या वेळेला ते आठवत नाही, मी तिचे उघडलेले हात बघत होते आणि माझ्या मनात आलं — हिला का? ही मागतेय आणि हिला मिळणार. उद्या मी लॅपटॉप उघडला की मिळणार. मी थांबले, हिनंही थांबावं.

बिस्किटं आणून देणाऱ्या ताईच्या मनात हे आलं. आलं आणि गेलं नाही. त्या टेबलाशी बसले तेव्हा ते माझ्या शेजारीच बसलं होतं.

मला तिचं वाईट व्हायला हवं होतं का? नाही. मला फक्त तिला ते मिळायला नको होतं. या दोन गोष्टींत फरक आहे असं मला बरेच दिवस वाटायचं.

प्रबंध पूर्ण झाला. निष्कर्ष: अवलंबून आहे. शर्यतीमुळे पाय आणि उतरणं चांगलं होतं, पण फार वर्षं काठ्यांतच राहिलेल्यांना हवेत सैल सुटणं जड जातं. कधी वळायचं ते मुलावर अवलंबून. चांगला प्रबंध होता, मार्लूस खूश झाली. त्यातला "कधी वळायचं" हा परिच्छेद मी लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच मूल होतं. ते मूल त्या दिवशी काठ्यांना वळसे घालत होतं.

रेवानं सांगितल्याप्रमाणे दोन वर्षं केलं. मला नोकरी लागून मी आर्नहेमला आले होते. बातम्या काकूंच्या फोनवरून यायच्या. वेळा खाली यायच्या थांबल्या. ती उंच झाली, गुडघे दुखू लागले, रविवारी उठायचा कंटाळा करू लागली. पंधराव्या वर्षी तिनं स्की विकल्या. काका म्हणाले, दहावी जवळ आली की पोरांचं असंच होतं, आणि मागून काकूंचा आवाज आला, "अहो, इथे दहावी नसते!" आम्ही तिघंही हसलो.

फ्रीस्टाइल? तिनं पुन्हा विचारलंच नाही. तिला जमत नाही, हे ठरलेलं होतं.

या हिवाळ्यात तिचा मेसेज आला. ती आता सतरा वर्षांची आहे. इथे शाळेच्या शेवटच्या वर्षी मुलांना एक मोठा प्रकल्प करावा लागतो, विषय आपला आपण निवडायचा, तज्ज्ञांच्या मुलाखती घ्यायच्या. तिचा विषय वाचून मी फोन उलटा ठेवला. शर्यतीचं स्कीइंग करून आलेली मुलं फ्रीस्टाइलमध्ये जास्त चांगली होतात का? आणि खाली: ताई, तज्ज्ञ तूच.

ती ट्रेननं आली. माझ्यापेक्षा वीतभर उंच. माझ्या स्वयंपाकघरात बसली, फोन रेकॉर्डिंगला लावला, प्रश्न वहीत व्यवस्थित लिहून आणलेले. मी चांगली उत्तरं दिली. पाय, उतरणं, नजर, हवेतली घाई, सगळं. ती भराभर लिहीत होती आणि मधेच मान हलवायची, तशीच, हळूच.

संपल्यावर तिनं रेकॉर्डिंग बंद केलं. चहा पीत खिडकीबाहेर बघत राहिली. मग हसून म्हणाली — इंग्रजीतच, पण मला ते मराठीतच आठवतं — "तुला आठवतं, मी एकदा उडी मारली होती? मला वाटायचं, मी किती वेळ वर होते. अजून स्वप्नात येते. खरं तर एवढीच असेल, ना?" आणि तिनं टेबलापासून चार बोटं वर हात धरला. "बरं झालं, तू तेव्हा खरं सांगितलंस. नाहीतर मी उगाच स्वतःला काहीतरी समजत बसले असते."

चार बोटं. मी त्या हाताकडे बघत होते. ती उडी जगात तीन ठिकाणी होती: तिच्या आठवणीत, माझ्या डोळ्यांत आणि त्या क्लिपमध्ये. क्लिप मी पुसली होती. तिची आठवण ती माझ्यासमोर बसून, माझ्या शब्दावर विसंबून, स्वतःच्या हातानं छोटी करत होती. राहिले मी. मला एवढंच म्हणायचं होतं की नाही ग, एवढीशी नव्हती. त्यासाठी ना लॅपटॉप लागत होता, ना सही.

मी म्हटलं, "त्या वयात असं वाटतं."

ती हसली. मीही हसले. कप तिनं स्वतः विसळला. जाताना तिनं मला मिठी मारली आणि तिची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली.

प्रकल्प तिनं दिला. काकूंनी फोन करून सांगितलं, शिक्षकांना फार आवडला. शेवटी तिनं स्वतःचं उदाहरण घेतलंय म्हणे, की आवड आणि कुवत यांत गल्लत होते, आणि वेळेवर सांगणारं कुणी भेटलं तर वर्षं वाया जात नाहीत. "तुझे आभार मानलेत ग," काकू म्हणाल्या. "पहिल्या पानावर."

हे मी मराठीत लिहिलं आहे. मी इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजीत हे तासाभरात झालं असतं, मराठीत तीन आठवडे लागले. काका-काकू मराठी वाचतात, म्हणून सगळ्यांची नावं बदलली आहेत. रेवाला मराठी ऐकून सगळं कळतं. त्या टेबलाशीही सगळं कळलं होतं. वाचता मात्र येत नाही. भाषा निवडताना हे मला माहीत होतं.